अंधारांतील ओळखीचे दिवे



रात्रीच्या लढाईंत सैनिकास शत्रूच्या गोळीइतकीच आपल्या माणसाच्या गोळीचीहि भीति असते. १९९१ च्या आखाती युद्धांत अमेरिकेचे ३५ सैनिक स्वपक्षाच्याच माऱ्यास बळी पडले. असा घात टाळावा म्हणून सैनिकाच्या शिरस्त्राणावर एक लहानसा लुकलुकणारा दिवा बसवितात. त्याचा प्रकाश तांबड्या रंगापलीकडचा, म्हणजे अवरक्त असतो. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाहीं. रात्रदर्शक दुर्बिणींतून मात्र स्पष्ट दिसतो.

परंतु 'अवरक्त' ह्या एका शब्दाच्या पोटांत अनेक जातींचे किरण येतात, आणि खरी मेख येथेंच आहे. घरांतील टेलिव्हिजनचा रिमोट घ्या. बटण दाबलें असतां त्याच्या टोकाशीं होणारी लुकलुक डोळ्यांस दिसत नाहीं, पण पुष्कळशा मोबाइलांच्या कॅमेऱ्यांत दिसते. आतां तोच कॅमेरा तापलेल्या इस्त्रीसमोर धरा. इस्त्रींतूनहि अवरक्त किरण निघत असतात. पण ते त्यास मुळींच दिसत नाहींत. कारण रिमोटच्या किरणांच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या सुमारें हजाराव्या भागाएवढी, तर इस्त्रीच्या किरणांची त्याच्या कित्येक पट. शिरस्त्राणावरील दिवा रिमोटच्या जातीचा. उष्णतेचें चित्र टिपणारीं विमानांतील यंत्रें मात्र इस्त्रीच्या जातीचे किरण पाहतात.

हा भेद ध्यानांत न घेतल्यास केवढा अनर्थ होतो, तें ९ जून २०१४ च्या रात्रीं अफगाणिस्तानच्या झाबूल प्रांतांत दिसून आलें. डोंगरावर बंदुकांच्या ज्वाला चमकत होत्या. वर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकेच्या बी-१बी विमानांतून तेथें ओळखीचे दिवे शोधण्यांत आले. ते दिसले नाहींत; तेव्हां तेथें शत्रूच आहे असें ठरलें आणि बाँब पडले. पांच अमेरिकन व एक अफगाण असे सहा सैनिक ठार झाले. ते सारे मित्रपक्षाचेच होते! त्या विमानाच्या लक्ष्यदर्शक यंत्रास असले दिवे दिसणें शक्यच नव्हतें, असें पुढें चौकशींत निष्पन्न झालें.

म्हणून असा दिवा वापरणारानें तीन गोष्टी पाळाव्या. निघण्यापूर्वीं, आपणांस कोण पाहणार आहे आणि त्याच्या यंत्रास कोणते किरण दिसतात, हें विचारून घ्यावें. शत्रूजवळहि रात्रदर्शक दुर्बीण असूं शकते. यास्तव दिवा सदैव चालू न ठेवतां गरजेपुरताच लावावा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, दिवा दिसला नाहीं एवढ्यावरून समोर शत्रु आहे असें कोणीं मानूं नये. आपलीं माणसें कोठें आहेत याची बिनतारी यंत्रावरून पुन्हां एकदां खात्री करून घ्यावी.

दिवा लावल्यानें ओळख पटत नाहीं; ती पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडल्यानें पटते. त्याची दृष्टि कोठवर पोंचते हें ज्यास ठाऊक नाहीं, तो दिवा लावूनहि अंधारांतच उभा असतो.