दोन मिनिटं शांतता, पण कोणासाठी?

मुलांनो, आज माझीच एक चूक तुम्हांला सांगते. अजून आठवली की कान गरम होतात.

दिवस गुरुवार, २४ नोव्हेंबर २०२२. मी बदलापूरला राहते आणि अंबरनाथच्या शाळेत शिकवते. मध्ये स्टेशनही नाही, जेमतेम काही मिनिटांचा प्रवास. तेवढ्यात फोनवर तीन गटांतून एकच निरोप आला : ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले गेले. तिघांनी सांगितलं, म्हणजे खरंच असणार! परिपाठाला मी मुलांना बातमी सांगितली. फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून घेतली. त्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या दोघींनी १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम केलं होतं, हेही सांगितलं. मग चौथीचा अख्खा वर्ग दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला.

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या. "अहो, ते आहेत! घरच्यांनीच सांगितलंय."

खरंच होतं ते. गोखले पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात होते. प्रकृती चिंताजनक होती, पण ते जिवंत होते. घरच्यांचा खुलासा पहाटेपर्यंत येऊनही गेला होता. मीच तो वाचला नव्हता. फळा पुसताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, त्यांच्या घरच्यांनी आपल्याला बघितलं असतं तर?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हीच कल्पना करा. वडील दवाखान्यात आहेत, तुम्ही बाहेर बाकावर बसला आहात, आणि फोनवर लोक श्रद्धांजली वाहताहेत!

ही चूक माझ्यासारख्या शिक्षिकेचीच होती असं नाही. नामवंत कलाकारांनीही शोक व्यक्त केला होता. त्यांच्यावर विसंबून काहींनी बातमी दिली, आणि त्या बातमीवर विसंबून आणखी काहींनी. सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. रुग्णालयाला किंवा घरी विचारणारे थोडेच.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील उल्हासनगरात वार्ताहर आहेत. त्यांना मी विचारलं, की तुम्ही काय करता? ते म्हणाले, निधनाची बातमी फक्त घरचे, डॉक्टर किंवा पोलीस यांच्याकडून घ्यायची. लोहमार्गावर अपघात झाला तर नातेवाइकांना कळेपर्यंत नाव छापायचं नाही. कुणाच्या आईला ते पेपरातून कळू नये. मात्र हेही त्यांनी कबूल केलं, की "दुसऱ्यांकडे आलं, आपल्याकडे का नाही?" असा फोन कार्यालयातून आला की हात थरथरतात. घाई कुठून येते ते मला तेव्हा कळलं.

माणूस खरोखरच अचानक गेला, तर आणखी एक मोह होतो : कसा गेला असेल? श्रीदेवी आठवतात? २४ फेब्रुवारी २०१८ रोजी दुबईत त्यांचं निधन झालं. आधी हृदयविकाराचा झटका सांगितला गेला. दोन दिवसांनी न्यायवैद्यक अहवाल आला, की टबात अपघाताने बुडून मृत्यू. मधल्या काळात आणि त्यानंतरही काही वाहिन्यांनी पडद्यावर आंघोळीचा टब दाखवून तर्क लढवले. एक बातमीदार तर स्वतः टबात उतरला! त्यांची धाकटी मुलगी तेव्हा १७ वर्षांची होती, म्हणजे तुमच्या ताईएवढी. दुबईच्या सरकारी वकिलांनी २७ तारखेला प्रकरण बंद केलं. टबात उतरून त्या बातमीदाराला काय सापडलं? काहीच नाही.

२०२० साली मुंबईत अभिनेते सुशांतसिंह राजपूत गेले, तेव्हा तर महिनोन् महिने हेच चाललं. पोलिसांचा तपास व्हायचा होता, पण पडद्यावर रोज कुणी ना कुणी गुन्हेगार ठरत होतं. शेवटी मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेल्या. १८ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने बजावलं, की तपास चालू असताना प्रसंगाचं नाट्यरूपांतर दाखवू नका, अशा प्रकारे गेलेल्या माणसाला दुबळ्या मनाचा ठरवू नका, त्याच्या खासगी आयुष्यात शिरू नका. वर्तमानपत्रांसाठी भारतीय वृत्तपत्र परिषदेचे, म्हणजे प्रेस कौन्सिलचे, नियम आहेत. ते वाहिन्यांनीही पाळावेत असंही सांगितलं.

पालक म्हणतील, नट-नट्या स्वतःच तर कॅमेऱ्यासमोर येतात! येतात, पण जिवंतपणी. न आवडणारा प्रश्न ते टाळू शकतात, चुकीची बातमी खोडून काढू शकतात. गेलेल्या माणसाला तेही करता येत नाही. अर्थात, म्हणून काहीच विचारू नये असंही मी म्हणणार नाही. मृत्यूत काही काळंबेरं असेल, तर पत्रकाराने ते शोधलंच पाहिजे. पण शोधणं वेगळं आणि टबात उतरणं वेगळं.

शनिवारी, २६ नोव्हेंबरला, विक्रम गोखले गेले. सोमवारी परिपाठाला फळ्यावर बातमी लिहायला तोच मागच्या बाकावरचा मुलगा उठला. बातमी लिहिली, खाली बारीक अक्षरात 'रुग्णालयाने दिलेली माहिती' असं जोडलं. मी मुलांना पुन्हा उभं राहायला सांगितलं. सगळी उभी राहिली. फक्त पहिल्या बाकावरची एक मुलगी बसूनच होती.

"बाई, आता नक्की ना?"

मी फोन काढून तिला बातमी दाखवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली, आणि मग उभी राहिली.