पोटातला गोळा: साधा की कर्करोगाचा?

दोन घास खाल्ले की पोट भरते, ओटीपोट फुगते, परकराची नाडी पुरेनाशी होते. कोणी म्हणते वात धरला, कोणी ओवा पुढे करते. सुगी उरकली की दवाखान्यात जाऊ, असे म्हणता म्हणता महिने जातात. असा त्रास महिन्यात 12 पेक्षा जास्त वेळा होत असेल, त्यातून वय पन्नाशीपुढचे असेल, तर सुगीची वाट पाहू नका. अंडाशयात गाठ असू शकते.

गाठ म्हटले की घर हादरते. पण बऱ्याच गाठी साध्या असतात. पोट न फाडता हे कळू लागले त्याची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात डॉ. इयान डोनाल्ड यांनी 1955 साली धातूतल्या भेगा शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र कापून काढलेल्या गाठींवर लावून पाहिले. पुढे पोट फुगलेली एक बाई त्यांच्याकडे आली. जठराचा कर्करोग, इलाज नाही, असे तिला सांगितले होते. यंत्राने पाण्याने भरलेली मोठी गाठ दाखवली. ती अंडाशयाची साधी गाठ निघाली. काढली, आणि बाई वाचली! 1958 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे काम छापून आले.

आजची सोनोग्राफी ती हीच. ती फक्त गरोदरपणात करतात असे नव्हे; पाळी गेलेल्या आजीलाही करतात.

चित्रात पाणी काळे दिसते, मांसल भाग करडा. एकच कप्पा, आत नुसते पाणी, भिंत गुळगुळीत, तर गाठ बहुधा साधी. तरण्या बाईत अशी लहान गाठ दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतेही. काही गाठींत चरबी, केस, चक्क दात सापडतात. ही करणी नव्हे, त्याही बहुतेक साध्याच. वेडावाकडा मांसल गोळा, आतून फुटलेले चार किंवा अधिक कोंब, भरपूर रक्तपुरवठा, पोटात साठलेले पाणी, ही मात्र वाईट लक्षणे. युरोपातल्या डॉक्टरांनी 2008 साली अशा खुणांचे सोपे नियम बांधले. चारांतल्या साधारण तीन गाठींचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. उरलेल्या जाणत्या तज्ज्ञानेच पाहाव्यात.

पक्का निकाल गाठ काढून तपासल्यावरच मिळतो. संशयाची गाठ सुईने फोडू देऊ नका, आतले पोटात सांडले तर रोग पसरू शकतो. अशी शस्त्रक्रिया कर्करोगाच्या तज्ज्ञाकडेच करावी.

जाताना जुने रिपोर्ट बरोबर घ्या. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा.