दोन शिक्क्यांची पदवी

आबिड्स, हैदराबाद :

नामपल्ली स्टेशन रोडवर ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ ही सरोजिनी नायडूंची जुनी वास्तू उभी आहे. त्यांच्या १९०५ सालच्या पहिल्या कवितासंग्रहाचं नाव घराला लाभलं आणि १९७४ साली हैदराबाद विद्यापीठ सुरू झालं ते याच घरात. दोन देशांतल्या विद्यापीठांनी मिळून पदवी द्यायची, ही सध्या सगळीकडे नवलाई म्हणून सांगितली जाते. या घराला त्यात फारसं नवल वाटू नये. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय एडिंबरोचे डी.एस्सी. मुलगी बाराव्या वर्षी मॅट्रिक झाली ती मद्रास विद्यापीठाची. १८९५ साली निजामाच्या शिष्यवृत्तीवर ती इंग्लंडला गेली, लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि केंब्रिजच्या गर्टनमध्ये शिकली आणि पदवीविना परतली. राहिली असती तरी केंब्रिजची पूर्ण पदवी तिला मिळाली नसती. बायकांना ती मिळू लागली १९४८ साली!

हैदराबाद म्हणजे तेव्हा वेगळं राज्य. नाणं स्वतःचं, टपाल स्वतःचं, रेल्वे स्वतःची. पदवी मात्र बाहेरून यायची. इथून हाकेच्या अंतरावर बशीरबागेत असलेलं निजाम कॉलेज १८८७चं, पण १९४७पर्यंत ते मद्रास विद्यापीठाला जोडलेलं होतं. म्हणजे निजामाच्या राज्यात बसून ब्रिटिश हिंदुस्थानची पदवी. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, उर्दू माध्यमाचं. मराठवाड्याची मुलं तिथे येऊ लागली. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्यावरून शेकडो विद्यार्थ्यांना उस्मानियाबाहेर काढलं गेलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना दार उघडलं. पी. व्ही. नरसिंह राव त्या पिढीतले. शिकणं एका राज्यात सुरू झालं आणि पुरं झालं दुसऱ्या राज्यात, कारण तिथल्या कुलगुरूंनी या मुलांना आपलं मानलं.

पुढे सीमाच हलल्या. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने औरंगाबादेत १९५० साली उभं राहिलेलं मिलिंद महाविद्यालय आधी उस्मानियाला जोडलेलं होतं. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ झालं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजोबांचं प्रमाणपत्र उस्मानियाचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं मराठवाडा विद्यापीठाचं, असं आढळतं. पदवीला सीमा ओलांडता येते, मात्र पलीकडच्या विद्यापीठाने इकडचे गुण मान्य करायला हवेत. आजच्या संयुक्त पदवीची सगळी मेख इथेच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २ मे २०२२ रोजी यासाठी नियम काढले. त्यांत तीन प्रकार आहेत. ‘ट्विनिंग’मध्ये पदवी भारतीय संस्थेचीच, परदेशातले श्रेयांक (क्रेडिट) ३० टक्क्यांच्या वर नकोत. संयुक्त पदवीत प्रमाणपत्र एकच, त्यावर दोन्ही विद्यापीठांची बोधचिन्हं, आणि दोन्हीकडे किमान ३० टक्के श्रेयांक मिळवलेले हवेत. दुहेरी पदवीत प्रमाणपत्रं दोन, पण विषय एकच आणि पातळीही एकच. भारतीय संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण हवेत किंवा एनआयआरएफच्या विद्यापीठ-क्रमवारीत पहिल्या शंभरांत जागा. परदेशी विद्यापीठ टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत हवं. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाला हे लागू नाही, फ्रँचायजी पद्धतीला तर मज्जावच आहे.

या शहराचं याआधीचं उदाहरण कुकटपल्लीच्या जेएनटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचं. स्वीडनच्या कार्ल्सक्रोना गावातल्या ब्लेकिंगे तंत्रविद्यापीठाशी त्यांची जोडपदवी आहे : बी.टेक. इथलं, एम.एस. तिथलं. यात पातळ्या दोन असल्याने ही नियमातल्या दुहेरी पदवीपेक्षा वेगळी जात झाली. पालकांना ती पटते, कारण पहिल्या वर्षांचा खर्च रुपयांत भागतो आणि मूल थोडं मोठं होऊन परदेशी जातं.

परदेशी जाणं इथे घरोघरचं आहे. २०२३-२४ साली अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांचा आकडा ३,३१,६०२ होता आणि त्यात तेलुगू मुलांचा भरणा मोठा. चिलकूरच्या बालाजीला लोक ‘व्हिसा बालाजी’च म्हणतात, मागणं मागताना ११ प्रदक्षिणा, फळल्यावर १०८. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथे जीआरईची वापरलेली पुस्तकं ढिगाने मिळतात. वरच्या मजल्यांवर कन्सल्टन्सीच्या पाट्या. अशाच एका ऑफिसात नांदेडहून आलेले एक गृहस्थ समोरच्या पोराला दखनीत विचारत होते, “दोनों डिग्रियां हाथ में आतीं, या एकीच?” पोराने गुळगुळीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. गृहस्थांनी ते उलटंपालटं केलं आणि पुढचा प्रश्न टाकला : पोरगा मधेच परत आला तर इथल्या बी.टेक.चं काय? त्याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं.

विद्यापीठांची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. आपल्याकडच्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत वर्षाला ४० श्रेयांक, म्हणजे १२०० तासांचा अभ्यास. युरोपात वर्षाला ६०, आणि तास १५०० ते १८००. आपले दोन म्हणजे त्यांचे तीन, असं त्रैराशिक मांडलं तर कागदावर हिशेब जुळतो, तासांत मात्र जुळत नाही. म्हणून दोन्हीकडच्या प्राध्यापकांना विषयवार बसून ठरवावं लागतं : तिकडचं सिग्नल प्रोसेसिंग इकडच्या कुठल्या पेपरच्या बदली धरायचं, प्रात्यक्षिकं कुठे, नापास झाला तर पुरवणी परीक्षा कोण घेणार. त्यात आपला निकाल रेंगाळला की स्वीडनचं सत्र ऑगस्टअखेर सुरू होऊन जातं.

पीएच.डी.त हे बरंच सोपं. विद्यार्थी एक, प्रबंध एक, मार्गदर्शक दोन. मुंबईत आयआयटी आणि ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाची संशोधन अकादमी २००८पासून चालू आहे. हैदराबादच्या आयआयटीची मेलबर्नच्या स्विनबर्नशी तशीच जोडी आहे. पदवीच्या पातळीवर विद्यार्थी शेकड्यांनी आणि विषय डझनांनी, तिथे गाडी अडते.

महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने उद्या असा करार केला, तर पेपरात सह्या करणाऱ्यांचा फोटो येईल. पालकांनी फोटोवर जाऊ नये. विषयांचा बदली-तक्ता, पुरवणी परीक्षेचा नियम आणि मधेच परतणाऱ्याची सोय, एवढं लेखी मागावं. हे तीन कागद ज्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तयार असतील, त्याच्याच पदवीवर दुसरा शिक्का शोभेल.