शिबिर उठल्यावर काय उरते?

बंगळुरूच्या इंदिरानगरात सीएमएच रोडने चालत निघाले की दवाखाना, रक्ततपासणीची लॅब आणि औषधांचे दुकान हाकेच्या अंतरावर सापडते. रस्त्याला नावच मुळी इस्पितळाचे, चिन्मय मिशन हॉस्पिटलचे. अशा शहरातल्या कंपन्या सीएसआरच्या पैशातून आदिवासी वस्त्यांवर आरोग्य शिबिरे भरवतात. रक्तदाब मोजला जातो, लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, बॅनरपुढे फोटो निघतो आणि संध्याकाळी गाडी परत फिरते. हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती पद्धतीवर. वंश, जमात किंवा भाषा यांमुळे मागे राहिलेल्या समाजाच्या आरोग्यातली दरी जनजागृतीने फारशी बुजत नाही. त्याच समाजातल्या माणसाला प्रशिक्षण देऊन उपचाराचे अधिकार त्याच्या हाती सोपवले, तर ती बुजू लागते.

दरी केवढी आहे ते आधी पाहू. 2015-16च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, आदिवासींमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 57 मुले पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी वगळता इतर समाजांत हाच आकडा 39च्या आसपास होता. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने 2018मध्ये आदिवासी आरोग्यावर अहवाल दिला. त्यानुसार लोकसंख्येत 8.6 टक्के असलेल्या या समाजाच्या वाट्याला मलेरियाचे निम्मे मृत्यू येतात.

अंतर हेच याचे कारण असते, तर रस्ते बांधून प्रश्न मिटला असता. पण लॉस एंजेलिसमध्ये ना रस्त्यांची वाण आहे ना इस्पितळांची. तरीही तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाबाने होणारे नुकसान मोठे आहे. तिथे 52 केशकर्तनालयांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2018मध्ये प्रसिद्ध झाले. काही दुकानांत न्हावी गिऱ्हाइकांना पथ्यपाणी सांगत आणि डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरत. बाकीच्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन, डॉक्टरांशी ठरलेल्या करारानुसार, तिथल्या तिथे औषध लिहून देत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी 9 अंकांनी उतरला, दुसऱ्याचा 27 अंकांनी. विश्वासाची जागा दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो सल्ला आणि उपचार यांतला.

गडचिरोलीत हीच गोष्ट कितीतरी आधी दिसली होती. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने 1993 ते 1998 या काळात 39 गावांत घरच्या घरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला; तुलनेसाठी 47 गावे होती. ही सगळी गावे काही आदिवासी नव्हती, पण दवाखाना सगळ्यांनाच लांब होता. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळाचे वजन, ताप आणि श्वास त्या मोजत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. त्याआधी न्यूमोनियासाठी सुईणींच्या हाती दिलेले साधन तर बघण्यासारखे होते. एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया समजायचा. हे साधन वापरायला लिहितावाचता येण्याची गरज नव्हती.

यावर पहिला आक्षेप डॉक्टर मंडळींचाच असतो: गरिबांना अर्धशिक्षित बाईची सुई आणि श्रीमंतांना बालरोगतज्ज्ञ, ही कुठली समता? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून उत्तर आकड्यांतच द्यायला हवे. त्या 39 गावांत जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी 16.6 टक्के दगावत. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण 2.8 टक्क्यांवर आले. तज्ज्ञ गावात येईल तेव्हा येवो, तोवर ही मुले थांबू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. अशी कामे एखाद्या देवमाणूस डॉक्टरपायी चालतात, सरकारला ती जमत नाहीत, असे म्हणतात. हे अर्धेच खरे. 2011पासून नवजात बालकाच्या घरभेटी देशभरातल्या आशा ताईंकडे आल्या. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर सहा भेटी, त्याचे 250 रुपये. वजनकाटा आला, थर्मामीटर आला. इंजेक्शनचा अधिकार मात्र आशाला मिळाला नाही. गडचिरोलीच्या प्रयोगातला सगळ्यात धारदार भाग सरकारी चौकटीत शिरताना गळून पडला. याचा दोष माझ्या मते प्रयोगाला नाही, गावातल्या बाईवर विश्वास टाकायला कचरणाऱ्या व्यवस्थेला द्यायला हवा.

इंदिरानगरच्या वाचकाला गडचिरोली दूर वाटत असेल तर बिळिगिरिरंगन डोंगर जवळ आहेत, एका दिवसाच्या प्रवासाचे. तिथल्या सोलिगा आदिवासींमध्ये डॉ. एच. सुदर्शन यांनी 1981मध्ये विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र उभारले. तिथे आदिवासी मुलींना एएनएमचे शिक्षण मिळाले. ‘पोडू’वर, म्हणजे सोलिगांच्या वस्तीवर, त्यांच्यातलीच नर्स गेली की आजार त्यांच्याच भाषेत सांगता येतो.

सोलिगांमध्ये सिकलसेलचा आजारही आढळतो. केंद्र सरकारने जुलै 2023मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल मोहिमेत 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणी हवीच, पण ती शिबिरासारखीच मोजायला सोपी असते. ज्यांना हायड्रॉक्सियुरिया लिहून दिले जाते त्यांना ती गोळी रोज लागते, आणि वेदनेचा झटका रात्रीही येतो. तेव्हा सीएसआरची फाइल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांनी यंदा शिबिराचा खर्च बाजूला काढून एखाद्या पोडूवरच्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा आणि पुढच्या पाच वर्षांच्या पगाराचा हिशेब मांडून पाहावा.