संगणकातील कच्ची नोंद आणि पक्की नोंद



गेल्या हंगामात एका रात्री वजनकाट्यावरची लाईन गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झालेल्या, त्यांनी मिनिटभरही दम धरला नाही. लाईन आल्यावर पाहिले तर शेवटच्या चार गाड्यांची वजने संगणकात नव्हती. केशोरीकडील एक सभासद पावती घेऊन गट कार्यालयात आले. म्हणाले, "साहेब, पावती माझ्या हाती हाय, मंग कंप्युटरमंदी वजन काऊन नाही?" पावत्यांवरून चारही नोंदी पुन्हा घेतल्या, कोणाचेही नुकसान झाले नाही. पण प्रश्न रास्त होता. संगणक विभागाकडून समजून घेतलेले उत्तर येथे देत आहे.

वजनाची नोंद सर्व्हरच्या डिस्कवर कायमची लिहिली जाते. डिस्क म्हणजे फिरती तबकडी. सर्वसाधारण डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. लिहायची जागा फिरून येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे एकेक नोंद पक्की करत गेले तर सेकंदाला फार तर शे-सव्वाशे नोंदी होतात.

हा वेळ वाचावा म्हणून डिस्कमध्ये थोडी तात्पुरती स्मृती असते. तिला 'कॅश' म्हणतात. रोख रकमेशी तिचा संबंध नाही. डिस्क नोंद आधी कॅशमध्ये घेते, 'काम झाले' असे कळवते आणि तबकडीवर मागाहून उतरवते. काम कितीतरी पटीने जलद होते. पण ही स्मृती विजेवर जगते. वीज गेली की उतरवायचे राहिलेले सारे पुसले जाते.

आपल्या केशोरीची मिरची अंगणात वाळत असते. पोत्यात भरून ती घरात येते, तेव्हाच ती आपली. ती अंगणातच असताना 'मिरची घरात आली' असे कोणी सांगितले, आपण झोपलो आणि रात्री पाऊस पडला, तर काय होईल? कॅशचे तसेच आहे.

हिशेबाचे चांगले प्रोग्राम आधी कीर्द लिहितात, मग खतावणी. मध्येच वीज गेली तर कीर्दीवरून खतावणी पुन्हा उभी राहते. पण कीर्दच कॅशमध्ये अडकली असेल, तर ही सोयही फुकट जाते.

मग कॅश वाईट का? नाही. काम पाहून ती वापरावी. काट्यावर गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा वजन होते, त्यात मिनिटे जातात. तेथे सेकंदाला शंभर नोंदींचा वेग कोणाला हवा आहे? म्हणून काट्याच्या सर्व्हरवर डिस्कची ही कॅश बंद ठेवावी आणि नोंद तबकडीवर उतरल्यावरच पावती छापावी. बिलाच्या वेळी मात्र हजारो नोंदी एकदम होतात. तेथे पुष्कळ नोंदींचा एक गठ्ठा करून तो एकदाच पक्का करता येतो. किंवा बॅटरी असलेला डिस्क कंट्रोलर बसवावा. वीज गेली तरी त्याची कॅश शाबूत राहते, आणि वीज आल्यावर राहिलेल्या नोंदी डिस्कवर उतरतात.

नव्या एसएसडीत तबकडी नसते, पण कॅश असते. सर्व्हरसाठी घेताना वीज गेल्यावर कॅश रिकामी होईल इतकी वीज साठवणारी एसएसडी घ्यावी. स्वस्त एसएसडीत बहुधा ही सोय नसते.

यूपीएस तर हवाच. पण सर्व्हरच्या आतला वीजपुरवठा बिघडला किंवा कोणाचा पाय लागून वायर निघाली, तर यूपीएस काय करणार? म्हणून गळीत सुरू होण्यापूर्वी बॅटऱ्या तपासाव्यात आणि चाचणीच्या नोंदी घालून मुद्दाम वीज तोडून पाहावी. रोजच्या नोंदींची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. तो हिशेब याच नोंदींवर उभा असतो. म्हणून सभासदांना विनंती, की बिल हाती येऊन टनेज जुळेपर्यंत एकही पावती फेकू नये. फरक दिसला तर लगेच गट कार्यालयात यावे. त्या रात्री वजने वाचली ती संगणकामुळे नव्हे, तुमच्या खिशातल्या कागदामुळे.

आपला,
ऊस विकास अधिकारी