कर्बवायूची कपात : आधी वीज, मग खत, गोठा शेवटी

हवेतील कर्बवायू कमी करण्याचा विषय निघाला की कुणीतरी चटकन गाई-म्हशींकडे बोट दाखवतो. जनावर रवंथ करताना मिथेन वायू सोडते, हे खोटे नाही. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, रोग कुठे जास्त आहे ते पाहूनच आपण फवारणी सुरू करतो ना?

भारत सरकारने २०२४ अखेर संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात २०२० सालचा हिशेब आहे. देशाच्या एकूण वायूंपैकी सुमारे ७६ टक्के ऊर्जेतून, म्हणजे वीज, वाहने आणि भट्ट्या यांतून निघतात. शेती व पशुधन मिळून १४ टक्क्यांच्या आत. सिमेंट-पोलादासारख्या उद्योगांतील प्रक्रियांतून ८ आणि कचऱ्यातून अडीच टक्के. एकट्या वीजनिर्मितीचा वाटा ३९ टक्के आहे. पहिला नांगर इथेच घालायला हवा.

आणि यात आपलाही लाभ आहे. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की जवळजवळ ३० युनिट जळतात. कोळशावरच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कर्बवायू निघतो. हीच वीज गावच्या उपकेंद्राजवळील सौर प्रकल्पातून आली, तर ती दिवसा मिळते. रात्री-अपरात्री विंचू-काट्यातून दारे धरायला जाणे टळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून याचसाठी आहे. गावात गायरानाचा प्रश्न निघेल. ग्रामसभेत तो मोकळेपणाने बोलावा.

दुसरा क्रम युरियाचा. जादा टाकलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. तो कर्बवायूच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता धरतो. माती तपासून, हप्त्याहप्त्याने खत दिले तर पैसाही वाचतो. उन्हाळी भातात खाचराला मधूनमधून ताण दिला की मिथेन घटतो. पावसाळ्यात मात्र कोकणातले पाणी आपल्या हातात नसते.

गोठा मी शेवटी ठेवतो. डेन्मार्कने २०३० पासून जनावरांच्या वायूवर कर लावायचे २०२४ मध्ये ठरवले. पण तिथली बरीचशी वीज वाऱ्यावर होते, आपली अजून मुख्यतः कोळशावर. इकडे घरचा बाजार दर दहा दिवसांच्या दूधबिलावर होतो. त्यावर कर नको. कडब्याची कुट्टी, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण दिले, तर त्याच गाईचे दूध वाढते आणि लिटरमागे मिथेन कमी पडतो. एवढे या हंगामात करता येईल.