काचेची तार आवळू नका, सांभाळा

इलेक्ट्रिक फिटिंग, टेलिफोन आणि केबल टीव्हीच्या कामात असलेल्या आपल्या अनेक कारागीर बंधूंच्या हाती आता तांब्याऐवजी काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर आली आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ही तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. शहरांत तर घराघरांत ही तार जात आहे. काम भरपूर आहे, पण तांब्याच्या कामातली एक जुनी सवय येथे घात करते. ती सवय म्हणजे पेटीतील तारा करकचून बांधणे.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. एका इमारतीत नेट वारंवार बंद पडत होते. घरातील यंत्र दोनदा बदलले, तरी तक्रार कायम राहिली. कारागिराचे बिल अडकले आणि नावही खराब होऊ लागले. शेवटी लाल प्रकाशाचा पेन लावून पाहिले, तेव्हा अंधारात पॅचकॉर्डच्या पिवळ्या आवरणातून एका जागी लाल झाक दिसली. तेथे प्लॅस्टिकचा टाय घट्ट आवळलेला होता. टाय कापताच लाइन सुरू झाली. काम दिसायला सुबक होते, दोष फक्त त्या फाशात होता.

असे का होते, ते समजून घेऊ. या तारेतील काच आवरण वगळता १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा थोडीशीच जाड असते. प्रकाश तिच्याही मधल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. तार सरळ किंवा मोठ्या वळणात असेल तोवर प्रकाश गाभ्यातच राहतो. वळण फार लहान झाले किंवा तार दाबली गेली, तर तो बाहेर गळतो. तार तुटलेली नसते, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही.

ही गळती डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल गेले की प्रकाश निम्मा राहतो आणि १० गेले की दहावा हिस्सा. घरगुती नेटच्या बऱ्याच लाइनींना दोन टोकांमध्ये एकूण २८ डेसिबल घट सोसते. एका तारेचे ३२ भाग करणारा स्प्लिटर त्यातील सुमारे १७ एकटाच खातो. उरलेल्या ११ मध्ये लांबी, जोड आणि कनेक्टर भागवायचे असतात. चांगल्या जोडाला ०.१ डेसिबलही लागत नाही, पण एक वाईट वळण कित्येक डेसिबल घालवू शकते.

आता पेटीतील कामाची रीत पाहू.

पहिली गोष्ट, केबल पेटीत शिरते तेथेच तिचे बाहेरचे आवरण आणि आतली मजबुतीची कांडी क्लॅम्पमध्ये पक्की करावी. बाहेरून ओढ बसली तर ती कांडीने सोसावी, काचेने नव्हे. घट्टपणा हवा तो येथेच.

दुसरी गोष्ट, आतली नळी ट्रेच्या तोंडाशी बांधताना ती चपटी होऊ देऊ नये. ट्रेमध्ये सुमारे एक मीटर उघडी तार वेटोळ्यांत शिल्लक ठेवावी. उद्या जोड पुन्हा करावा लागला तर हीच शिल्लक उपयोगी पडते. साध्या तारेचे वेटोळे ६० मिलिमीटर व्यासाहून, म्हणजे साधारण चहाच्या कपाच्या तोंडाहून लहान नसावे. जी ६५७ ए २ जातीची तार १५ मिलिमीटर व्यासाचे वळणही सोसते. परंतु पेटीत कोणती तार आली आहे याची खात्री नसेल, तर मोठेच वेटोळे ठेवावे.

तिसरी गोष्ट, जोडावरची नळी तिच्या खाचेत बसवावी, लोंबकळत ठेवू नये. झाकण लावण्यापूर्वी कडेला एखादी तार चिमटली जात नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.

चौथी गोष्ट, पॅचकॉर्ड बांधायला वेल्क्रोची पट्टी वापरावी. पट्टी लावल्यावर कॉर्ड बोटाने मागेपुढे सरकली पाहिजे. मालेगाव-भिवंडीच्या मागावर काम केलेल्यांना सुताचा ताण हाताला कळतो. हातात तसाच अंदाज येथे हवा. कॉर्डवर तांब्याच्या जड तारांचा भार टाकू नये आणि दाराच्या बिजागरीत किंवा पंख्याजवळ ती येऊ देऊ नये.

पाचवी गोष्ट, हिरवा कनेक्टर हिरव्यालाच आणि निळा निळ्यालाच जोडावा. हिरव्याचे तोंड ८ अंशांनी तिरपे घासलेले असते, त्यामुळे तो निळ्याशी नीट भिडत नाही. रिकाम्या तोंडांवर टोपण ठेवावे आणि प्रत्येक कॉर्डच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी.

काम संपल्यावर पॉवर मीटरने मोजणी करून आकडा लिहून ठेवावा. १३१० नॅनोमीटरवर घट ठीक, पण १५५० वर बरीच जास्त दिसली, तर कोठेतरी वळण आवळले आहे असे समजावे. कारण वळणाचा त्रास १५५० ला अधिक होतो. हा आकडा ग्राहकालाही द्यावा. उद्या वाद झाला तर आपल्या कामाची साक्ष तोच देईल.

जिवाची काळजीही घ्यावी. या तारेतील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे बिघडवू शकतो. म्हणून चालू तारेच्या तोंडात कधीही डोकावू नये. काचेचे तुकडे कातडीत रुततात. ते झाकणाच्या बाटलीत जमा करावेत आणि कामाच्या जागी खाणेपिणे टाळावे.

व्यापारी बंधूंनाही एक सूचना. पेटी खरेदी करताना केवळ भाव पाहू नका. आत वेटोळ्याला जागा, जोडासाठी खाचा आणि केबलसाठी क्लॅम्प आहे का, ते उघडून पाहा. अडचणीची पेटी विकून चार पैसे सुटतील, पण कारागिराच्या फेऱ्या वाढतील आणि तो पुन्हा तुमच्या दुकानात येणार नाही.

या साऱ्याला लागतो तो अर्धा तास जास्त आणि वेल्क्रोच्या पट्टीचे थोडे पैसे. तक्रारीची एक फेरीही त्याहून महाग पडते.